कोकणात घराला जनरेटर: मशीन नंतर बघा, आधी चेंजओव्हर बसवा

३ जून २०२० ला निसर्ग वादळ श्रीवर्धन-दिवेआगरच्या पट्ट्यात किनाऱ्याला लागलं आणि आमच्या दापोली तालुक्यात माड, पोफळी, आंबे आडवे झाले, विजेचे पोल तर कंबरेतून मोडले. आमच्या वाडीत लाईट यायला तीन आठवडे लागले. विहिरीला पाणी भरपूर पण वर चढवणार कसं, फ्रीजमधलं सगळं टाकून दिलं, मोबाईल चार्ज करायला गाडी चालू करून बसायचो. शेवटी चुलतभावाने मुंबईहून टेम्पोत घालून एक पेट्रोलचा जनरेटर आणला आणि आम्ही तो कसा जोडला, तर वायरीच्या दोन्ही टोकांना प्लग लावून एक टोक मशीनमध्ये आणि दुसरं पडवीतल्या सॉकेटमध्ये. घर उजळलं. मेन स्विच पाडलाय ना, मग झालं, असं सगळेच म्हणत होते.

तिसऱ्या दिवशी दुपारी धाकट्या भावाने पेट्रोल भरून मशीन परत चालू केलं आणि त्या वेळी मेन स्विच वरच होता, सकाळी कोणीतरी लाईट आली का बघायला वर केला असेल आणि तसाच राहिला. थोड्या वेळाने पाखाडीने एक वायरमन चालत वर आला, गमबूट, अंगाला चिखल, हातात टेस्टर. खळ्यात उभं राहून त्याने एवढंच विचारलं, "काका, जनरेटर तुमच्याकडे चालू आहे का?" दोन पोल खाली तो तार ओढायला चढणार होता, चढायच्या आधी सवयीने टेस्टर लावला आणि तो पेटला. तो आमच्यावर ओरडला नाही. पाणी मागितलं, आईने तांब्या दिला, तो पिताना त्याच्या हातातला तांब्या हलत होता ते मला आजही दिसतं. त्या दिवसापासून मी कोणी जनरेटरबद्दल विचारलं की आधी चेंजओव्हरबद्दल, म्हणजे घर एका वेळी बाहेरची लाईन किंवा जनरेटर यातल्या एकालाच जोडणाऱ्या स्विचबद्दल बोलतो, मशीनबद्दल नंतर, आणि हा लेखही त्याच क्रमाने लिहितोय.

उलटा करंट म्हणजे नेमकं काय होतं

आपल्या डीपीवरचा ट्रान्सफॉर्मर ११ हजार व्होल्टचे घरगुती व्होल्टेज करतो हे सगळ्यांना माहीत असतं, पण तोच ट्रान्सफॉर्मर उलटाही चालतो हे लक्षात येत नाही. घरातून २३० व्होल्ट मागे गेले तर पलीकडच्या बाजूला ते पुन्हा हजारो व्होल्ट होऊ शकतात. आणि ट्रान्सफॉर्मरपर्यंत गेले नाहीत तरी वाडीतल्या उघड्या तारांवर २३० व्होल्ट असणं माणूस मरायला पुरेसं आहे. काही जण म्हणतात की एवढासा जनरेटर अख्ख्या वाडीचा लोड घेऊच शकत नाही, लगेच ट्रिप होईल. एरवी होईलही, पण वादळानंतर तार दोन पोलांवर तुटलेली असते, मागे फक्त तुमचं आणि शेजारचं एखादं घर उरतं, मशीन ते आरामात ओढतं आणि तुटून जमिनीवर पडलेली तार जिवंत राहते. त्या तारेवर वायरमनच असेल असं नाही, गुरं असतील, पाखाडीने जाणारं पोर असेल.

शिवाय त्या दोन प्लगवाल्या वायरीचं एक टोक सॉकेटमधून निघालं आणि मशीन चालू असेल, तर पितळेच्या उघड्या पिनांवर पूर्ण करंट असतो. पावसात, ओल्या हाताने. अशी वायर घरात असेल तर आजच तिचा एक प्लग कापून टाका, "लागली तर असू दे" म्हणून माळ्यावर ठेवू नका, कारण ती अंधारात घाईच्या वेळीच बाहेर निघते.

चेंजओव्हर कसा आणि कुठे

चेंजओव्हर म्हणजे तीन जागा असलेला स्विच. एका बाजूला महावितरणची लाईन, दुसऱ्या बाजूला जनरेटर, मधे ऑफ. दांडा एका वेळी एकाच बाजूला जाऊ शकतो, दोन्ही एकदम जोडले जाणं त्याच्या रचनेतच शक्य नसतं. म्हणूनच "मी मेन पाडायला विसरणार नाही" यावर भरवसा ठेवायचा नाही, माझ्या भावाला विसरभोळा कोणीही म्हणणार नाही, तरी झालंच ना.

जागा अशी: मीटर, मग मेन स्विच किंवा मेन एमसीबी (करंट जास्त झाला की आपोआप पडणारा स्विच), मग चेंजओव्हर, मग घराचा डीबी (खोल्यांचे एमसीबी असलेली पेटी). सिंगल फेज घराला दोन पोलचा घ्या, म्हणजे फेजबरोबर न्यूट्रलही तुटला पाहिजे. फक्त फेज तोडणारा स्वस्तातला स्विच लावून न्यूट्रल कॉमन ठेवतात, ते करू देऊ नका, न्यूट्रलवरून करंट बाहेर जाऊ शकतो आणि आरसीसीबी (करंटची गळती झाली की लाईन तोडणारा स्विच) पण उगाच ट्रिप होत राहतो. थ्री फेज कनेक्शन असेल तर चार पोलचा. आता थ्री फेज घर आणि सिंगल फेज जनरेटर असं आपल्याकडे खूप असतं, तिथे जनरेटरच्या बाजूचे तीन फेज एकत्र लूप करतात म्हणजे सगळ्या खोल्यांत लाईट येते. ते चालतं, पण थ्री फेज पंप असेल तर त्याचा एमसीबी पाडूनच ठेवायचा, नाहीतर मोटर फिरणार नाही, नुसती घुमेल आणि वाइंडिंग जळेल.

रेटिंग मेन स्विचपेक्षा कमी नको, साध्या घराला ४० किंवा ६३ अँपिअरचा बसतो. पत्र्याच्या बॉक्सपेक्षा प्लास्टिकचा बंद बॉक्स घ्या, आपल्या खाऱ्या हवेत पत्रा दोन पावसाळ्यांत गंजतो, आणि केबल आत जाते तिथे ग्लँड लावून घ्या, कारण फट राहिली की पाल शिरते आणि पाल दोन टर्मिनलच्या मधे गेली की स्फोटासारखा आवाज होतो. मेनच्या बाजूला एक छोटा इंडिकेटर दिवा नक्की बसवून घ्या, म्हणजे जनरेटर चालू असतानाही बाहेर लाईट आली की कळतं, त्यासाठी दांडा हलवून बघायला नको.

जनरेटरची वायर भिंतीवरच्या फिक्स इनलेटला लागली पाहिजे. याच्या पिना भिंतीच्या बाजूला असतात आणि जनरेटरकडून येणाऱ्या केबलच्या टोकाला भोकांचा कनेक्टर, म्हणजे केबल हातात निघून आली तरी उघडी पिन नाही. हे इंडस्ट्रियल टाइपचे निळे प्लग-सॉकेट कुठल्याही मोठ्या इलेक्ट्रिक दुकानात मिळतात. केबल तीन कोरची तांब्याची, ३ केव्हीएपर्यंत (केव्हीए म्हणजे जनरेटरच्या ताकदीचं माप) २.५ स्क्वेअर एमएम पुरते, ५ केव्हीए म्हणजे जवळपास २२ अँपिअर होतात तिथे ४ स्क्वेअर एमएम.

हे सगळं लायसन्सवाल्या इलेक्ट्रिशियनकडूनच करून घ्यायचं. मीटरच्या आधीच्या वायरीला हात लावायचा नाही, कामासाठी मीटरकडची लाईन बंद करायची असेल तर महावितरणच्या सेक्शन ऑफिसला सांगून.

अर्थिंग, आणि जांभ्याची अडचण

जांभ्याचा कातळ कोरडा झाला की करंट जमिनीत नीट उतरत नाही, त्यामुळे आपल्याकडे पावसाळ्यात उत्तम असणारं अर्थिंग एप्रिल-मे मध्ये नावापुरतं राहतं. मीठ-कोळसा घालून जीआय पाईप पुरतात पण मीठ आणि ओल दोन्हीमुळे पाईप गंजतो. कॉपर बाँडेड, म्हणजे तांब्याचा थर दिलेला रॉड आणि भोवती बेंटोनाइटसारखं अर्थिंगचं कंपाउंड जास्त टिकतं. जागा न्हाणीघराच्या किंवा माडाच्या आळ्याजवळची निवडा, जिथे रोज पाणी मुरतं. जनरेटरच्या बॉडीलाही अर्थिंगची वायर पाहिजेच, चाकावरचं छोटं मशीन असलं तरी.

इथे एक गोष्ट बऱ्याच इलेक्ट्रिशियन लोकांकडूनही राहून जाते. छोट्या जनरेटरचा न्यूट्रल बहुतेक वेळा कशालाच जोडलेला नसतो. अशा वेळी शॉक लागला किंवा गळती झाली तरी करंटला मशीनकडे परत जायला अर्थमधून वाट नसते, म्हणून आरसीसीबी ट्रिपच होत नाही. त्यासाठी जनरेटरच्या बाजूला न्यूट्रल आणि अर्थ एकाच ठिकाणी जोडून घ्यावे लागतात, पण आधी मशीनचं मॅन्युअल बघून, आणि दोन पोलचा चेंजओव्हर असेल तरच. आणि आरसीसीबीचं टेस्ट बटण दाबलं, ट्रिप झालं, म्हणजे सगळं ठीक असं समजू नका, ते बटण आतल्या आत करंट फिरवतं, अर्थिंग नसलं तरी ट्रिप होतं. इलेक्ट्रिशियनला जनरेटर चालू असताना फेज आणि अर्थच्या मधे टेस्ट लॅम्प लावायला सांगा, ३० मिलीअँपिअरचा आरसीसीबी तेव्हा पडला तर काम बरोबर. तुम्ही समोर उभे राहून ही टेस्ट बघा.

मशीन कुठे ठेवायचं

करंटइतकाच दुसरा धोका धुराचा आहे, आणि आपल्याकडे पाऊसच माणसाला ती चूक करायला लावतो. जून-जुलैमध्ये आडवा पाऊस लागला की मशीन भिजू नये म्हणून ते पडवीत येतं, नाहीतर जिन्याखाली, नाहीतर मागच्या दाराच्या आत. धुरात कार्बन मोनॉक्साइड असतो, त्याला वास नाही, रंग नाही, डोळे चुरचुरत नाहीत. डोकं दुखतं, मळमळतं, झोप आल्यासारखं होतं आणि माणूस पडून राहतो. पहिल्या रात्री आम्ही पडवीत मशीन लावलं होतं, तासाभराने आई म्हणाली डोकं जड झालंय, आम्हाला वाटलं आवाजाने. नशीब की भावाने आवाजाला कंटाळून मशीन खळ्यात नेलं. जाळी असलेली पडवी, एक बाजू उघडी असलेला पोर्च, खिडकी उघडी ठेवून खोली, हे काहीही चालत नाही.

दारं-खिडक्यांपासून २० फूट तरी लांब, सायलेन्सरचं तोंड घरापासून उलट दिशेला. पावसाळ्यात वारा मुख्यतः नैऋत्येकडून म्हणजे समुद्राकडून येतो, त्यामुळे घराच्या पश्चिमेला मशीन ठेवलं तर धूर सरळ घरात येतो, जमेल तर पूर्वेला किंवा ईशान्येला जागा करा आणि शेजाऱ्यांची खिडकी पण बघा. तिथे जांभ्याचा दीड-दोन फूट उंच चौथरा, वर पत्रा, पुढे चांगला पुढे आलेला, आणि बाजू उघड्या. झडीचा पाऊस लागतो त्या एकाच बाजूला आडोसा, तोही मशीनपासून तीन-चार फुटांवर. झाप गरम सायलेन्सरजवळ आले तर पेटतात, म्हणून झापांचा आडोसा नको. खाडीकाठी, नदीकाठी घर असेल तर २२ जुलै २०२१ ला चिपळुणात पाणी किती चढलं होतं ते आठवून चौथऱ्याची जागा ठरवा, तिथे दोन फुटांचं गणित चालत नाही.

झोपायच्या खोलीत बॅटरीवर चालणारा कार्बन मोनॉक्साइडचा अलार्म लावा, ऑनलाइन मिळतो. डोकं दुखायला लागलं तर आधी सगळ्यांनी बाहेर उघड्यावर यायचं, मग मशीन बंद, आणि कोणी गुंगीत असेल तर १०८ ला फोन.

आता मशीन: किती मोठं

दुकानदार मोठं मशीन सुचवतो, आपण पण म्हणतो एकदाच घेतोय तर मोठं घेऊ. माझं मत उलटं आहे. आधी कागदावर लिहा की लाईट नसताना खरंच काय लागतं. फ्रीज साधारण २०० वॅट, चार पंखे ३००, दहा एलईडी दिवे १००, टीव्ही १००, वायफाय आणि मोबाईल ७०. झाले पावणेआठशे वॅटच्या आसपास. याला २ केव्हीएचं मशीन पुरतं, कारण केव्हीएला ०.८ ने गुणलं की किलोवॅट येतात, म्हणजे १६०० वॅट, आणि फ्रीजचा कॉम्प्रेसर सुरू होताना क्षणभर कितीतरी पट जास्त ओढतो त्याला जागा राहते. गिझर २००० वॅट, इस्त्री १०००, ते या यादीत आणूच नका, चूल आहे, गॅस आहे.

खरा प्रश्न पंपाचा. १ एचपीची मोटर चालताना साधारण हजार-अकराशे वॅट घेते पण सुरू होताना चार ते सहा पट करंट ओढते, म्हणून १ एचपीला ३ ते ४ केव्हीए धरा. फक्त पंपासाठी मोठं मशीन घ्यायचं का हे तुमच्या घरावर आहे. होमस्टे असेल, बागेला पाणी असेल तर घ्यावंच लागेल. चार माणसांचं घर असेल आणि विहिरीला रहाट शाबूत असेल, तर रहाट दुरुस्त करून छोटं मशीन घेणं मला जास्त पटतं. मशीनवरच्या आकड्यांत मॅक्सिमम आणि रेटेड असे दोन असतात, रेटेड म्हणजे मशीन सतत देऊ शकतं तेवढं, हिशोब त्यावर करायचा.

३-४ केव्हीएपर्यंत पेट्रोल बरं, हलकं असतं, दोघं उचलून ठेवतात. त्यातलं इन्व्हर्टर टाइपचं आवाजाला कमी आणि टीव्ही, इन्व्हर्टर फ्रीज यांना चांगलं, पण मोठी मोटर उचलायला ते कमी पडतं. ५ केव्हीएच्या वर आणि रोज कित्येक तास चालवायचं असेल तर डिझेल. मात्र डिझेल मशीन फार कमी लोडवर तासन् तास चालवलं की न जळलेलं डिझेल आणि काजळी सायलेन्सरमध्ये साठते, काळा धूर येतो, म्हणून दोन पंख्यांसाठी ७.५ केव्हीए चालवणं मशीनसाठीच वाईट. नवीन डिझेल सेट घेताना तो १ जुलै २०२३ पासून लागू झालेल्या सीपीसीबी ४ प्लस (केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाच्या) नियमात बसणारा आणि साउंडप्रूफ कॅनॉपीचा आहे ना ते बघा, आवाजाची मर्यादा १ मीटरवर ७५ डेसिबल आहे.

इन्व्हर्टर-बॅटरी घरात असेल तर सोनंच. जनरेटर सकाळी दोन तास आणि संध्याकाळी दोन तास चालवा, तेवढ्यात टाकी भरते, फ्रीज गार होतो, बॅटरी चार्ज होते, रात्रभर पंखे बॅटरीवर आणि सगळ्यांना शांत झोप. इन्व्हर्टर जनरेटरची लाईट घेत नसेल तर त्याचा स्विच यूपीएस मोडवरून नॉर्मल मोडवर करून बघा. छतावर सोलर असेल तर मात्र सावध, ग्रिडला जोडलेला सोलर इन्व्हर्टर जनरेटरलाच महावितरणची लाईन समजून त्यात करंट ढकलू शकतो आणि मशीन खराब होतं. सोलरचं कनेक्शन चेंजओव्हरच्या मेनच्या बाजूला असलं पाहिजे, नाहीतर जनरेटर चालवताना त्याचा एसी आयसोलेटर, म्हणजे सोलरला घराच्या लाईनपासून तोडणारा स्विच, पाडून ठेवायचा.

चालू करायचा क्रम

हा क्रम जाड अक्षरात लिहून प्लास्टिकच्या पाउचमध्ये घालून चेंजओव्हरजवळ लावा, कारण तुम्ही घरी नसताना बायको किंवा आईच मशीन चालू करणार आहे.

१. ऑइल आणि पेट्रोल बघा. डीबीतले सगळे एमसीबी पाडा.
२. चेंजओव्हर मधे, ऑफवर आणा.
३. मशीन चालू करा, तीन-चार मिनिटं मोकळं चालू द्या.
४. दांडा जनरेटरकडे न्या.
५. आधी पंप लावायचा असेल तर एकटा पंप, तो थांबला की फ्रीज, मग पंखे, दिवे. सगळं एकदम नाही.
६. बंद करताना उलट: एमसीबी पाडा, दांडा ऑफवर, मशीन दोन-तीन मिनिटं मोकळं चालवून मग बंद.
७. बाहेरची लाईट आल्याचा दिवा लागला तरी दहा मिनिटं थांबा, पहिल्या झटक्यात व्होल्टेज वरखाली होतं, मग दांडा मेनकडे.

पेट्रोल मशीन चालू असताना किंवा तापलेलं असताना भरायचं नाही, पंधरा मिनिटं थांबा, टॉर्च घ्या, मेणबत्ती-कंदील जवळ नको. वादळानंतर पंपांवरही लाईट नसते आणि रांगा लागतात म्हणून इशारा आला की आधीच आणून ठेवा, पण लायसन्सशिवाय आपल्याजवळ ३० लिटरपर्यंतच पेट्रोल ठेवता येतं, तेही धातूच्या घट्ट झाकणाच्या कॅनमध्ये, घराबाहेर, चुलीपासून लांब.

पावसाळा संपल्यावर

इथली मशीन वापरून कमी आणि ठेवून ठेवून जास्त खराब होतात. हल्लीच्या पेट्रोलमध्ये २० टक्क्यांपर्यंत इथेनॉल असतं, ते दमट हवेतलं पाणी ओढून घेतं, आणि टाकीत चार महिने राहिलं की कार्बोरेटर जाम होतो, मग ऐन वादळात दोरी ओढून ओढून हात दुखतात. ठेवायच्या आधी पेट्रोलचा कॉक बंद करून मशीन आपोआप बंद पडेपर्यंत चालवा, टाकी रिकामी करा. महिन्यातून एकदा थोडं ताजं पेट्रोल घालून पंधरा मिनिटं लोडवर, म्हणजे पंखे-फ्रीज लावून चालवा. पहिलं ऑइल साधारण २० तासांनी बदलायचं, पुढे १०० तासांनी, तास वहीत लिहून ठेवा.

खाऱ्या हवेसाठी टर्मिनलला पेट्रोलियम जेली लावा, नटबोल्टला गंज न लागणारा स्प्रे मारा, वर ताडपत्री गुंडाळू नका कारण आत घाम धरतो, कापडी कव्हर बरं. उंदीर वायर कुरतडतात आणि उंदरांच्या मागे सापही येतो, म्हणून दोरी ओढायच्या आधी टॉर्च मारून खाली बघायचं.

आणि मेच्या पहिल्या आठवड्यात, आंब्याची गडबड असली तरी, एकदा सगळा क्रम करून बघा: दांडा ऑफ, मशीन, दांडा जनरेटर, एक एक एमसीबी. झालं की वाडीतल्या वायरमनला फोन करून सांगा की आमच्याकडे जनरेटर आहे आणि तो चेंजओव्हरवर आहे. आम्ही दरवर्षी सांगतो. तो म्हणतो, "काका, तुमच्या पोलावर मी निवांत चढतो, तरी टेस्टर लावतोच."